जुनी गाडी घेताय? आधी मागे जा, सायलेन्सर बघा!

सेकंड हँड गाडी बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, टायरवर पाय मारून पाहतो, स्टिअरिंगमागे बसून एसी लावतो आणि हमखास विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मुरलेला मिस्त्री मात्र गाडीला वळसा घालून थेट मागे जातो आणि सायलेन्सरपाशी उकिडवा बसतो. इंजिनाच्या पोटात काय बिघडलंय याचा पहिला पुरावा तिथूनच बाहेर पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दहा-पंधरा वर्षं पळालेली गाडी एकाएकी क्वचितच बसते. त्याआधी कित्येक महिने ती धुरातून, वासातून, आवाजातून इशारे देत असते. ते ओळखता आले तर हजारोंचा खर्च वाचतो, आणि एका बाबतीत तर जीवही वाचतो. वाचा, जुन्या इंजिनाच्या आणि सायलेन्सरच्या या चटपटीत गोष्टी.

1. लिटरभर पेट्रोल, लिटरभर पाणी

थंडीच्या सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं आणि पांढरी वाफ निघते. घाबरायचं कारण नाही. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की पाणी तयार होतं. 1 लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळजवळ 1 लिटर पाणी! सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफ होऊन उडून जातं, थंड असेल तर आतच साचतं. म्हणून फक्त मंडईत आणि शाळेच्या फाटकापर्यंत जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर हायवेवर पळणाऱ्या गाडीच्या आधी सडतो, तोही आतून. उपाय फुकटचा आहे: आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा.

2. पाऊण किलो जाळा, सव्वादोन किलो मिळवा

1 लिटर पेट्रोलचं वजन साधारण 750 ग्रॅम. ते जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे 2.3 किलो भरतो. जास्तीचं वजन आलं हवेतल्या ऑक्सिजनमधून. 1 लिटर पेट्रोल नीट जाळायला इंजिनाला सुमारे 9 हजार लिटर हवा लागते, आणि ती सगळी एका कागदी एअर फिल्टरमधून ओढली जाते. फिल्टर धुळीने चोंदला की जुन्या कार्बोरेटरवाल्या आणि डिझेल गाड्या काळा धूर ओकू लागतात, पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतं. इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीची भाषा सुरू होण्याआधी फिल्टरचा डबा उघडून बघा.

3. धुराचे तीन रंग

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. दाट पांढरा धूर, इंजिन तापल्यावरही न थांबणारा आणि गोडसर वासाचा, म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरून जळतंय. तिन्हींत सर्वांत स्वस्त दुखणं बहुधा काळ्याचं.

निळ्या धुरातही दोन जाती आहेत. सकाळी सुरू करताना भपकन येऊन गेला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. ॲक्सिलरेटर दाबला की दर वेळी येतो, तर पिस्टन रिंगा झिजल्या. याची परीक्षा घाटात छान होते. कसारा किंवा खंबाटकी उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा इनटेकमध्ये जोराची पोकळी तयार होते आणि सैल झालेल्या सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दिला आणि आरशात निळा ढग दिसला, की सील बदलायची वेळ झाली म्हणून समजा. सील बदलणं तुलनेने स्वस्तात होतं. रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावं लागतं.

4. ऑइलच्या झाकणाखाली डोकवा

बॉनेट उघडा, इंजिन ऑइलचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करून बघा. आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा थर दिसला तर सावध व्हा. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असा रंग येतो. लगेच डिपस्टिकही बाहेर काढा. फक्त झाकणालाच थोडा साय धरल्यासारखा थर असेल, तर कमी अंतराच्या फेऱ्यांमुळे आत दमट वाफ धरली असण्याची शक्यता असते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, तर हेड गॅस्केट उडालेलं असू शकतं. तसं असेल तर सौदा तिथेच थांबवा.

ऑइल नुसतं काळं असेल तर मात्र गाडीला दोष देऊ नका. ऑइलमधली डिटर्जंट रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं.

5. लाख किलोमीटर म्हणजे 25 कोटी फेरे

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला 1 किलोमीटर कापते. त्या वेळी इंजिन 2,500 आरपीएमवर असेल तर एका किलोमीटरला क्रँकचे 2,500 फेरे झाले. लाख किलोमीटरला 25 कोटी! शहरातल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तर याहून जास्त. इतके फेरे झेलताना धातूवर धातू घासू न देणारा ऑइलचा थर केसापेक्षाही पातळ असतो. म्हणून डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटला, तर "पुढच्या पंपावर बघू" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तत्काळ बंद करा.

6. 660 अंशांना वितळणारा धातू, 2 हजार अंशांची आग

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान 2 हजार अंशांच्या वर जातं. तरी पिस्टन टिकतो, कारण ती ज्वाळा क्षणभराचीच असते आणि पिस्टनची उष्णता रिंगा, सिलिंडरची भिंत, ऑइल आणि कूलंट सतत काढून नेत असतात. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग चाकांच्या कामी येतो, उरलेली बहुतेक उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. ही वाट अडली की पिस्टन फुगतो, सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन सीज होतं.

7. गार दाखवणारा काटा

टेंपरेचरचा काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कूलंट बहुतेक गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा खालीच राहू शकतो. हीटर लावूनही गरम हवा येत नसेल, तर कूलंट संपल्याचा संशय घ्या.

आणखी एक गोष्ट. रेडिएटरचं झाकण आतला दाब टिकवून ठेवतं, त्यामुळे कूलंट 100 अंशांच्या पुढेही उकळत नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उसळतं. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

8. एक पट्टा तुटतो आणि...

अनेक इंजिनांत व्हॉल्व्हची उघडझाप आणि पिस्टनची वर-खाली यांचा मेळ दातेरी रबरी टायमिंग बेल्ट घालतो. तो झिजताना आवाज करेलच असं नाही. तुटला की काही इंजिनांत इंजिन नुसतं बंद पडतं, पण बऱ्याच इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आपटून वाकतात. जुनी गाडी घेताना "बेल्ट कधी बदलला?" हा प्रश्न ॲव्हरेजच्या आधी विचारा. बिल दाखवता आलं नाही, तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून खर्चाचा हिशेब करा.

9. गाडीखालचा खजिना

सायलेन्सरच्या पुढे एक्झॉस्ट पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा विरळ लेप. 2021 मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता, आणि जगभर गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेण्याच्या चोऱ्या वाढल्या. हे उपकरण अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंता युजीन हुद्री यांनी विकसित केलं. भारतात 1995 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचं झालं.

कन्व्हर्टर साधारण 300 अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांचा धूर सर्वांत घातक. आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे मिसिंग मारणारं इंजिन. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, जाळी वितळते, वाट बुजते आणि गाडी चढावर दम सोडते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तो याचाच इशारा असतो. काही शे रुपयांच्या प्लगकडे दुर्लक्ष करून हजारोंचा कन्व्हर्टर घालवू नका.

10. शिशाचं शतक

1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची ठोकाठोक थांबते, हे शोधलं. इंजिनं खूश झाली, पण हवेत शिसं भरलं आणि ते मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचलं. शिसं कन्व्हर्टरच्या लेपावरही बसून त्याला निकामी करतं, त्यामुळे कन्व्हर्टर आला तशी शिसंविरहित पेट्रोलची गरज पडली. भारतात फेब्रुवारी 2000 पासून शिसंयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं. मोटारींसाठी ते वापरणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये थांबलं. एका चुकीच्या मिश्रणातून बाहेर पडायला जगाला 100 वर्षं लागली.

11. नाकाने ओळखा

सडक्या अंड्यांचा वास आला तर कन्व्हर्टर किंवा इंधनाचं मिश्रण तपासा, तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. केबिनमध्ये गोड वास आणि काचेवर आतून चिकट धुकं आलं, तर हीटरची जाळी गळतेय. जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल गळून गरम एक्झॉस्टवर पडतंय. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका, गळती शोधा. पेट्रोलमधलं इथेनॉल आता 20 टक्क्यांपर्यंत गेलंय आणि फार जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत, तेव्हा ते दर सर्व्हिसिंगला बघून घ्या.

12. आवाजच आवाजाला मारतो

सायलेन्सर म्हणजे नुसता पोकळ डबा नव्हे. आत कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या असतात. ध्वनिलहरी त्यांत आपटून परततात, एकमेकींवर येतात आणि बऱ्याच अंशी एकमेकींना रद्द करतात. त्याला भोक पडलं की हे गणित मोडतं आणि गाडी ट्रॅक्टरशी स्पर्धा करू लागते.

गळती शोधायची जुनी युक्ती अशी. गार इंजिन सुरू करा, मोकळ्या जागेत एकाने जाड ओलं फडकं काही क्षण पाइपच्या तोंडाशी दाबून धरावं. सगळं ठीक असेल तर दाब वाढून फडकं हाताला ढकलू लागतं. मध्येच कुठे फुस्स आवाज आला, तर जॉइंट गेलाय किंवा पाइप फुटलाय. गळतीच्या जागी काजळीचे काळे ओघळही दिसतात.

13. रंग नाही, वास नाही, दयामाया नाही

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीर ऑक्सिजनवाचून गुदमरतं. जुन्या गाडीचा फुटका एक्झॉस्ट आणि फरशीला गंजून पडलेलं भोक ही जोडी फार धोकादायक आहे.

डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. प्रवासात गाडीतल्या दोघा-तिघांना एकदमच असं झालं तर "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. काचा उघडा, गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. थांबलेल्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. मागची डिकी उघडी ठेवून हॅचबॅक पळवू नका, धूर आत ओढला जातो.

14. पाणी दबत नाही, रॉड वाकतो

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीत इंजिनाचा घात बहुधा पाणी करत नाही, सेल्फ करतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना सेल्फ मारला की वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलून बाहेर काढा, टो करून न्या, पण किल्ली फिरवू नका.

जुनी गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाचा डाग बरेचदा सापडतो.

15. किल्ली काढली, इंजिन थांबेना!

डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, दाबाने तापलेली हवा पुरते. टर्बोचं सील फुटून इंजिन ऑइल थेट हवेच्या वाटेत गेलं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळून बेफाम पळतं आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. मागे धुराचे लोट, कानठळ्या बसवणारा आवाज. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन बंद पाडता येतं. टर्बो डिझेल गाडी घेताना इंटरकूलरचा पाइप ऑइलने थबथबलेला आहे का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

2020 नंतरच्या, बीएस 6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही असतो. त्यातली काजळी जाळून टाकायला सलग, वेगाची धाव लागते. फक्त गल्लीबोळांत फिरलेल्या डिझेल गाडीत तो चोंदलेला निघू शकतो.

16. पद्मिनीची 20 वर्षं, व्होल्व्होचे 48 लाख किलोमीटर

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीने मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला चेहरा दिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये हे पर्व संपलं. रोज दिवसभर राबणारी गाडी 20 वर्षं टिकते ती वेळच्या वेळी केलेल्या देखभालीमुळेच.

त्याचा जागतिक पुरावा अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांनी दिला. 1966 मध्ये नवी घेतलेली व्होल्व्हो पी 1800 त्यांनी 2013 पर्यंत 30 लाख मैल, म्हणजे 48 लाख किलोमीटरहून अधिक चालवली आणि गिनीज बुकात नाव कोरलं. त्यांचा मंत्र अगदी साधा होता: कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली देखभाल वेळेवर करायची आणि ऑइल कधीही चुकवायचं नाही.

17. पीयूसी म्हणजे स्वस्तातली आरोग्य तपासणी

बीएस 4 आणि पुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी पीयूसी, म्हणजे धुराच्या चाचणीचं प्रमाणपत्र, लागतं. नसेल तर कायद्यात 10 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बीएस 4 पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आहे. हा आकडा दर खेपेला वाढत असेल, तर इंजिन किंवा कन्व्हर्टर थकत चालल्याची ती लेखी नोंद आहे. "सर्टिफिकेट करून देतो, गाडी आणायची गरज नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून निघून या. खोट्या कागदाने तुमचं आजारी इंजिन आणि सगळ्यांची हवा, दोन्ही बिघडतात.

खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर 5 वर्षांनी. 1 एप्रिल 2022 पासून हे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. 14 वर्षांची "स्वस्त" गाडी घेताना हेही मोजा.

जाता जाता

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर गार इंजिनाचा धूर आणि खडखड तुमच्यापासून लपवली गेली असू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ते गार असेल तर एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. मग ऑइलचं झाकण, डिपस्टिक, कूलंट, बेल्टचं बिल आणि पीयूसीचे जुने कागद तपासा. शेवटी ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवा आणि त्याची फी आनंदाने द्या.

सेकंड हँड गाडी जरूर घ्या. असंख्य मध्यमवर्गीय घरांत पहिली मोटार अशीच आली आहे. पण घेतल्यावर दर रविवारी पाच मिनिटं काढून ऑइल आणि कूलंट बघा, आणि मागून येणाऱ्या धुराकडे लक्ष ठेवा. इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे ही पाच मिनिटं काहीच नाहीत.